कोणती वाटी मोजायची

श्रावण लागला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना हे माहीत आहे. त्या दिवसांत ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बाकीच्यांना श्रावणात हिरवळ दिसते. मला निळे ड्रम दिसतात. त्यांत तळहातानं थापटलेलं पाणी ऐकू येतं आणि त्या पाण्यावर वाकलेली बाबांची पाठ दिसते. मग सकाळी जो कुणी पहिल्यांदा भाव पाडून मागायला येतो, त्याचं काही खरं नसतं.

माझा धंदा मच्छीच्या बियाचा. गोंडपिपरीच्या रस्त्याला माझ्या चार टाक्या आहेत. त्यांत रोहू, कतला, मिरगलची बोटाच्या पेराएवढी पिल्लं असतात. आम्ही त्यांना बोटुकली म्हणतो. आमच्याकडे गावोगावी तलाव. उन्हाळ्यात तलाव आटतो, पावसानं भरतो, आणि भरला की त्यात दरवर्षी नवं बी सोडावं लागतं. शेतकऱ्याची पेरणी, तशी आम्हा धिवरांची ही. बी कमी पडलं तर पुढच्या उन्हाळ्यात जाळ्यात पाणीच येतं.

आता बी प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरून येतं. पिशवी फुगलेली, तोंडाला रबर. आमच्या वेळी तसं नव्हतं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते त्या श्रावणात, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं, बीवाल्या शेठची मेटॅडोर गावात यायची. मागे उघडे ड्रम. ड्रमांमधल्या फटीत दोन माणसं उभी, रस्ताभर पाणी थापटत आलेली. पाणी थांबलं की बी गुदमरतं म्हणून. चपक चपक, चपक चपक. तो आवाज नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, आला की हातातलं काम टाकून सगळं गाव तलावाच्या पाळीवर धावायचं. ओल्या मातीचा, शेवाळाचा आणि त्या ड्रमांचा मिळून एक कच्चा वास यायचा. अजून तो वास आला की मला आधी आनंद होतो आणि मग लगेच संताप येतो. इतक्या वर्षांत हा क्रम बदलला नाही.

एवढं बी एकेक करून कोण मोजणार? म्हणून एक रीत होती. मच्छीमार संस्थेची एक स्टीलची वाटी होती, काठावर संस्थेचं नाव कोरलेलं. पहिली वाटी गावानं काढायची. ती पांढऱ्या परातीत ओतायची, आणि त्यातलं एकूण एक पिल्लू मोजायचं. जो आकडा येईल तोच सगळ्या वाट्यांचा आकडा. मग शेठचा माणूस त्याच वाटीनं ड्रमातलं बी काढून तलावात सोडणार, आपण फक्त वाट्या मोजायच्या. वाट्या गुणिले पहिल्या वाटीतली पिल्लं, तेवढ्याचे पैसे शेठला, झालं.

ती पहिली वाटी काढायचा मान संस्थेच्या अध्यक्षाचा. अध्यक्ष म्हणजे लहानू भाऊ, माझे बाबा.

त्या दिवशी बाबा आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसायचे. डोक्यावर पांढरी टोपी. तलावाला हळदकुंकू, नारळ, आणि मग ते बाही कोपरापर्यंत दुमडून ड्रमाशी उभे राहायचे. मी खूप कोळी पाहिलेत, पण तसा हात पाहिला नाही. वाटी पालथी धरून ड्रमाच्या कडेकडेनं ते तळापर्यंत न्यायचे. तिथे थांबायचे. बोटुकल्यांना सावली आवडते. हाताच्या सावलीत त्या गोळा व्हायच्या. मग मनगट असं वळायचं की पाण्याला कळू नये, आणि वाटी वर यायची ती काठोकाठ काळी, वळवळणारी. पाणी नावाला.

"वाह लहानू भाऊ!" शेठ टाळी द्यायचा. "हात है के जाल है!"

सगळी पाळ हसायची. बाबाही हसायचे, मान थोडी खाली घालून. वर्षभर उघड्या अंगानं चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या एका वाटीपुरतं कुणीतरी वाह म्हणायचं. मला तेव्हा शेठ चांगला माणूस वाटायचा.

मोजणीत तर काही खोट निघायचीच नाही. तुळशीराम काका मोठ्यानं आकडे म्हणायचे, वीस-पंचवीस जण परातीवर झुकलेले. एक पिल्लू दोनदा मोजलं गेलं तर भांडण. आम्ही मोजणीवर असा पहारा दिला. काढणीवर कोण देणार? काढणारा हात तर आपल्याच माणसाचा होता.

तरीही मच्छी घटत चालली होती. बाबा अध्यक्ष झाले तेव्हापासून तीन उन्हाळे जाळी हलकी येत होती. कागदावर बी भरपूर सुटलेलं, आणि तलावातून निघत होतं त्याच्या निम्मंही नाही. लोकांनी आधी पाण्याला दोष देऊन पाहिला, मग बगळ्यांना, मग मागच्या गावच्या चोरट्यांना. शेवटी बोट आमच्या घराकडे वळलं, अध्यक्ष शेठकडून पैसे खातो म्हणून. आई बाजारात टोपली घेऊन बसायची, तिला ऐकू जाईल अशा बेतानं बायका बोलायच्या, "अध्यक्षाची पोट्टी चंद्रपूरले शिकून राह्यली म्हणते. पैसे का झाडाले लागते, वो?"

म्हणजे माझं शिक्षण हाच चोरीचा पुरावा. माझी कॉलेजची फी आई वाळलेल्या झिंग्यांतून भरत होती. पण ते कुणाला सांगणार आणि कोण ऐकणार? पोळ्यानंतर संस्थेची सभा होती. त्या सभेत बाबांना चोर म्हणून संस्थेतून काढायचं ठरत आलं होतं. संस्थेतून काढलेल्या धिवराला तलावात जाळं टाकता येत नाही. त्यानं काय करायचं मग? हे मी घरी विचारलं तर बाबा म्हणाले, "म्हणू दे ना. मले मालूम हाय, मी चोर नाई." आणि जाळं विणत राहिले.

मला तसं विणत राहता येत नव्हतं. माझा स्वभाव आईवर गेलेला.

चंद्रपूरच्या कॉलेजात त्या वर्षी व्यावसायिक सांख्यिकी हा विषय लागला. वर्गात साठ मुलं, छत गळायचं त्याखाली एक बादली, आणि तिच्या टपटपीवर आवाज चढवून शिकवणारे सर. सर हुशार होते, यात वाद नाही. फळ्यावर त्यांचा सात आणि नऊ छापल्यासारखा यायचा. पहिल्याच प्रकरणात समष्टी आणि नमुना. "एका कारखान्यात दहा हजार बल्ब तयार होतात. सर्व बल्ब तपासणे अशक्य. म्हणून नमुना." मी ताठ बसले. हे तर आमचंच चाललंय! दहा हजार बल्ब म्हणजे ड्रम आणि नमुना म्हणजे वाटी. त्या विषयाला यादृच्छिक असला दाताखाली खडा येणारा शब्द होता, तोही मला आवडला. "नमुना यादृच्छिक असावा. समष्टीतील प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची समान संधी असावी." हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून खाली रेघ ओढली.

आणि हात वर केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"सर, आमच्याकडे मच्छीचं बी वाटीनं मोजतात. एकच वाटी मोजतात. तर ती कोणती मोजायची? कोणी काढायची?"

मागच्या बाकावरून कुणीतरी नाकाला रुमाल लावून शी केलं. सर हसले. चांगलं हसले, दात दाखवून.

"वाटीचं उदाहरण घरी आईला दे," ते म्हणाले, "ती कालवण करील. तू बल्ब घे. परीक्षेत बल्ब येतात."

साठ मुलं हसली. बादलीत थेंब पडत राहिले. मी खाली बसले.

एका मिनिटाचं काम होतं. उत्तर त्या माणसाला येत होतं, हे मला आज ठाऊक आहे. ज्या प्रकरणावर तो उभा होता त्याच प्रकरणात, पुढच्या पानावर ते होतं. त्याच्यासमोर एका पोरीनं पुस्तकाच्या बाहेरची, खरी, ओली, वळवळणारी समष्टी आणून ठेवली होती, आणि त्यानं तिचं कालवण केलं. पुढे धंद्यात मला खूप जणांनी फसवलं, त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. सरांचे दात आठवतात.

उत्तर मला सापडलं ते किराणा दुकानात. मी खैरून खालांकडे खोली घेऊन राहत होते. त्यांचे मियाँ डबे, चाळण्या, पिंपं यांना कथलाचा डाग देण्याचं काम करायचे, आणि घरातला सौदा खालांच्या हातात. तांदूळ घ्यायला त्या गेल्या की दुकानदाराचा चेहरा पडायचा. पोत्यात त्या खांद्यापर्यंत हात घालायच्या.

"खाला, पोतं आहे ते, विहीर नव्हे," दुकानदार म्हणाला.

"ऊपर तो दुल्हा बैठा है," खाला म्हणाल्या. "मुझे बारात देखनी है."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. बाबाही असाच तळापर्यंत हात घालतात. खाला खडे शोधायला खाली जातात, कारण तांदळात खोट खाली असते. पण बियात खाली खोट नसते. खाली तर बी असतं. वर असतं ते नुसतं पाणी.

परतताना मी खालांना सगळं सांगितलं. बाबांचा हात, ती काठोकाठ वाटी, शेठची टाळी. खालांना यादृच्छिक वगैरे काही माहीत नव्हतं. पिशवी या हातातून त्या हातात घेत त्या म्हणाल्या, "बेटी, अपने हाथ का क्या देखना? बाकी का माल कौन भरता है? उसके हाथ का देखो."

एवढंच. भर रस्त्यात माझ्या डोळ्यांपुढे शेठच्या माणसाचा हात आला. तो वाटी कशी बुडवतो? वरच्यावर. भराभर. वाटी भरलेली दिसते, पण पाण्यानं. आम्ही मोजायची ती आमच्या सगळ्यांत चांगल्या कोळ्याच्या हातची वाटी, आणि तलावात जाते ती शेठच्या नोकराच्या हातची. बाबांचा हात जितका चांगला, तितकं गाव जास्त बुडणार. त्या टाळीचा अर्थ मला तेव्हा कळला, आणि अंगाचा असा जाळ झाला की खाला म्हणाल्या, "क्या हुआ, बुखार है क्या?"

त्या शनिवारी बी येणार होतं. शुक्रवारी दुपारच्या बसनं मी निघाले. बल्लारशाच्या कागद कारखान्याजवळ उकडलेल्या बांबूचा वास खिडकीतून आत आला, मग पाऊस, मग कोठारीचं जंगल. मी सांख्यिकीच्या वहीची मागची पानं फाडून मांडीवर चिठ्ठ्या करत बसले होते. एक ते शंभर. शेजारच्या बाईनं विचारलं, "भिशी हाय का, वो?" मी हो म्हटलं.

आता जे सांगते आहे ते सांगायला मला आवडत नाही. शनिवारी सकाळी बाबा अंगणात राखेनं वाटी घासत बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले. चांगला पाऊण तास. ते खुशीत होते. "पाह्य, चेहरा दिसते का तुया?" म्हणून त्यांनी वाटी माझ्यासमोर धरली. सांगायला वेळ होता. मी सांगितलं नाही. मला ते त्यांना एकट्याला सांगायचं नव्हतं. ज्या पाळीवर आम्हाला चोर म्हणत होते, त्या पाळीवर, सगळ्यांच्या तोंडावर मारायचं होतं.

मेटॅडोर आली. नारळ फुटला. बाबांनी बाही दुमडली, वाटी पालथी आत गेली, थांबली, वळली, वर आली. टाळी. परात. तुळशीराम काकांचा आवाज. दोनशे चार.

शेठचा माणूस पहिली वाटी बुडवणार तोच मी पुढे झाले.

"शेठ, आता तुमच्या माणसाच्या वाट्या मोजू."

"काऊन?" शेठला आमची बोली येत होती, लाडात आला की तो ती बोलायचा. "वाटी तर निघाली ना, बेटी. तुया बापाच्या हातानं."

"बाबाची वाटी ड्रमात परत गेली. तलावात तर तुमच्या माणसाच्या वाट्या जाणार हाय."

शेठ माझ्याशी बोललाच नाही. तो बाबांकडे वळला. "क्या लहानू भाऊ, पोट्टीले तुमच्या हातावर भरोसा नाई का?"

धंदा मी पुढे शिकले, पण इतका नेमका घाव आजवर मला जमलेला नाही.

"कांते, चूप बस," बाबा म्हणाले. "कालेजात हेच शिकवते का?"

"हाव, हेच शिकवते!" मी खोटंच ओरडले. आणि म्हणाले, "टोपी द्या तुमची."

"काय?"

"टोपी द्या, बाबा. चिठ्ठ्या टाकाच्या हाय."

त्यांनी दिली. काढून दिली. माझे बाबा सगळ्या गावासमोर उघड्या डोक्यानं उभे राहिले, आणि मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपीत शंभर चिठ्ठ्या टाकल्या, हलवल्या, सात काढल्या, वाचल्या आणि मुठीत धरल्या. "पहिल्या शंभर वाट्यांतल्या सात वाट्या मी मोजणार," मी म्हटलं. "कोणत्या, ते वाटी भरल्यावर सांगणार. आधी नाई."

"असं कुठी असते का?" शेठ म्हणाला.

"मोजू द्या ना, का होते त्यानं?" तुळशीराम काका म्हणाले. त्यांना मजा येऊ लागली होती.

नवव्या वाटीला मी हात आडवा केला. परात. एकाहत्तर. तुळशीराम काकांनी ती पुन्हा मोजली. एकाहत्तरच. शेठनं माणसाकडे पाहिलं. पुढची माझी वाटी निघाली शहात्तर. मग ब्याऐंशी. मग सत्त्याऐंशी. शेठच्या माणसाला घाम फुटला होता. कोणती वाटी मोजली जाईल हे ठाऊक नाही, म्हणून बिचारा प्रत्येक वाटी खोल बुडवायला लागला.

"भर, भर!" मी म्हटलं. "प्रत्येक वाटी भर. तुया हात कोणी धरला?"

पाळीवर हशा पिकला. त्र्याण्णव. शहाण्णव. शेवटची एकशे चार. जीव खाऊन बुडवली तरी एकशे चार. मी चिखलात काडीनं बेरीज केली, सातानं भागलं. सत्त्याऐंशी. बाबांची दोनशे चार त्या सात आकड्यांच्या जवळपासही नव्हती. शेजारी लिहिली तर ती दुसऱ्या गावची वाटत होती.

मग घासाघीस. माझ्या आयुष्यातली पहिली. शेठ ओरडत होता, आणि मी मुद्दाम हळूहळू बोलत होते, कारण ऊन निघालं होतं आणि थापटणाऱ्यांचे हात थकले होते. चपक आणि चपक यांच्यामधली जागा वाढत चालली होती. बी दुपारपर्यंत टिकणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. "सत्त्याऐंशीनं लावा, नाईतर ड्रम उचला." त्यानं सत्त्याऐंशीनं लावलं. जाताना तो बाबांना म्हणाला, "आपकी लडकी बहुत आगे जायेगी." शिवी दिल्यासारखं म्हणाला.

आता गाव काय म्हणेल? मला वाटलं होतं, बाबांचे पाय धरतील. चोर म्हटलं त्याची लाज वाटेल. तुळशीराम काका परात पुसत उठले आणि म्हणाले, "म्हंजे अध्यक्ष भाऊ चोर नाई तं! येडे हाय!"

लोक असे हसले की बगळे उडाले. बाबाही हसले. हसत हसत त्यांनी टोपी माझ्याकडून घेतली, त्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या झटकल्या आणि घराकडे चालू लागले.

पोळ्यानंतरची सभा झाली. कुणी चोरीचा च काढला नाही. "भाऊ, अध्यक्ष तुमीच राहा, वाटी तेवढी दुसऱ्याले द्या," असं कुणीतरी गमतीत म्हणालं. बाबांनी दोन्ही सोडलं. घरी मी चिडले. म्हटलं, तुमचं नाव मी धुऊन दिलं आणि तुम्ही पळून आलात?

ते जाळ्याची गाठ मारत होते. वर न बघता म्हणाले, "चोर म्हणत होते तेवा मले मालूम होतं, मी चोर नाई. म्हणून मी मान वर करून फिरत होतो. आता या हाताचं मले काय मालूम हाय, सांग?"

वहीत सगळी सूत्रं होती, हे नव्हतं.

त्या दिवाळीनंतर सराव परीक्षेत प्रश्न आला, यादृच्छिक नमुना उदाहरणासह स्पष्ट करा. मी दोन पानं लिहिली. ड्रम, वाटी, टोपी, सात आकडे, सरासरी, सगळं. सरांनी दोन्ही पानांवर लाल तिरपी रेघ ओढली आणि समासात लिहिलं, अप्रस्तुत. मी पेपर घेऊन टेबलाशी गेले. "मी सांगितलं होतं ना," ते म्हणाले, "बल्ब." विद्यापीठाच्या पेपरात मी बल्ब लिहिले आणि पास झाले. आजवर मी एकही बल्ब मोजलेला नाही.

तो विषय मात्र माझ्या अंगाला लागला. पुढच्या वर्षी मी स्वतः जाऊन गावासाठी बी आणलं, मग तीन गावांसाठी, मग टाकी बांधली. मध्ये काही काळ मी मोठी मच्छीही पुरवायचे, तेव्हा मोहर्लीच्या एका हॉटेलवाल्यानं एकदा माझा सगळा माल परत पाठवला. सरासरी वजन बरोबर आहे म्हणून मी फोनवर भांडत होते. तो म्हणाला, "बाई, सरासरी ताटात वाढू का? एकाच्या ताटात बोट आणि दुसऱ्याच्या ताटात मगर!" मी फोन ठेवला आणि त्या दिवशी मला प्रमाण विचलन कळलं. सरांच्या फळ्यावर ते एक मोठं वर्गमूळ होतं. माझ्या अंगणात ते वास मारत पडलेले चार टोपले होते. ही विद्या इतकी कामाची होती. तिला बल्बांत कोंडून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. येतच राहणार.

पण श्रावणातला राग सरांचा नाही. शेठचाही नाही. तसं असतं तर सोपं होतं.

बाबा त्यानंतर आठ वर्षं जगले. बी यायच्या दिवशी ते पाळीवर आले नाहीत. मी माझं बी पहिल्यांदा गावात उतरवलं त्या दिवशीसुद्धा नाही. आम्ही परतलो तेव्हा दारात बसले होते, उजवा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली झाकलेला. तो हात ते नंतर लोकांसमोर फारसा बाहेर काढायचे नाहीत. जेवताना काढायचे.

आज सकाळी वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावची मंडळी आली. संस्थेची सात-आठ माणसं, त्यांच्यात एक म्हातारा. टोपी, धुतलेलं धोतर. माझी पद्धत आता सगळीकडे माहीत आहे, मडक्यात चिठ्ठ्या टाकते, माझ्याच माणसाच्या हातच्या वाट्या मोजून देते. तरी ते अडून बसले. "बाई, पहिली वाटी आमच्या बुढ्याच्या हातची. आमची रीत हाय."

"तुमाले मान पाह्यजे का बी पाह्यजे?" मी खेकसले.

ते वरमले. पण म्हाताऱ्यानं ऐकलं नसावं. तो टाकीशी जाऊन बाही दुमडत होता. एक घडी, दुसरी घडी, कोपरापर्यंत. अगदी तसंच.

मी चिठ्ठ्यांचं मडकं उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. का, ते ठाऊक नाही. "आजोबा," मी म्हटलं, "टाकीत नाई. इथी हात घाला. सात चिठ्ठ्या काढा. तुमी काढाल त्याच वाट्या मोजू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करते आहे का ते बघायला. मग मडकं कोरडं असूनही दुमडलेली बाही आणखी थोडी वर सरकवली आणि हात आत घातला. सावकाश. तळापर्यंत. तिथे थांबला. मंडळी गोळा झाली, तलावावर होतात तशी. एक चिठ्ठी वर आली, आणि कुणीतरी वाह म्हणालं.

मी मडकं धरून उभी राहिले. त्या दिवशी पाळीवर मला एवढंच करायचं होतं. चिठ्ठ्या बाबांनी काढायच्या होत्या. टोपी त्यांची होती, हातही त्यांचाच असायला हवा होता. मोजणी तशीच निघाली असती, सत्त्याऐंशीच्या आसपास, हिशोबात काही फरक पडला नसता. मी त्यांच्या डोक्यावरची टोपी मागितली आणि तिच्यात स्वतःचा हात घातला.

"आमच्या बुढ्याचा हात हाय, बाई," त्यांच्यातला एक जण हसत म्हणाला, "पाहा बरं, काई गडबड तं नाई करत?"

"त्याच्या हातात काई खोट नाई!" मी ओरडले. "कवाच नव्हती!"

आवाज इतका चढला की टाकीवरची माझी माणसं काम सोडून बघायला लागली. म्हातारा दचकला. हातातली चिठ्ठी तशीच धरून तो माझ्याकडे बघत राहिला.